मांजरं का मरत होती?

२०१५ च्या डिसेंबरात ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या कॉम्प्युटर गेममधली मांजरं मरायला लागली. या गेममध्ये डोंगराच्या पोटात किल्ला खोदून बुटके राहतात, आणि त्यांच्या पायात मांजरं घुटमळत असतात. ती एकाएकी ओकाऱ्या करून दगावू लागली. साथ नव्हती, हल्ला नव्हता, कुणी विष घातलं नव्हतं. खेळाडूंनी कळवलं ते एवढंच: गुत्त्याच्या आसपास मेलेली मांजरं सापडताहेत आणि फरशीवर ओकारीचा सडा पडलेला आहे.

ही तक्रार ज्याच्यापर्यंत पोहोचली त्याचं नाव टार्न ॲडम्स. गेमचा जवळजवळ सगळा कोड त्याने एकट्याने लिहिलेला होता. त्यामुळे तपास करणाराही तोच, आणि संशयितही तोच.

नुकत्याच आलेल्या आवृत्तीत त्याने गुत्ते घातले होते. बुटके तिथे बसून पितात, पिताना दारू सांडते. सांडलेल्या दारूवरून मांजर चालत जातं, तेव्हा दारू त्याच्या पंजांना लागते. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करतं, ही सवय त्याने फार पूर्वी, वेगळ्याच कारणाने मांजरांना दिली होती. पंजा चाटला की पंजावर असेल ते पोटात जातं. आणि पोटात गेलेल्या दारूचा अंमल किती, हे त्या प्राण्याच्या आकारावरून ठरतं. यातलं एकेक कलम सुटं पाहिलं तर बरोबरच होतं. चूक एका आकड्यात होती. पंजाला लागलेला ओलावा हिशेबात अख्खा पेलाभर दारू म्हणून धरला जात होता. एवढ्याशा जिवाला तेवढी दारू पुरून उरत होती.

टार्नने आकडा दुरुस्त केला. पण ही चूक त्याला स्वतःला कधी सापडली असती? मला नाही वाटत. त्याला मांजराची सवय माहीत होती, गुत्ताही माहीत होता, पण दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते बघायला हजारो लोकांना हजारो किल्ले खोदावे लागले. एकट्या माणसाने बनवलेल्या गेमचं आणि खेळाडूंचं नातं या मेलेल्या मांजरांपाशी जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

टार्न गणितात पीएच.डी. आहे, २००५ सालची, स्टॅनफर्डची. त्यानंतर संशोधनाची नोकरी लागली, ती त्याने थोड्याच काळात सोडली आणि पूर्णवेळ गेम बनवायला घेतला. त्याचा थोरला भाऊ झॅक जग रचण्यात, कथा आणि कल्पना सुचवण्यात बरोबर असतो. कोड मात्र टार्नचा. कामाला सुरुवात २००२ मध्ये झाली आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये गेम लोकांच्या हाती आला, तोही फुकट. चित्रं नव्हती. पडद्यावर फक्त अक्षरं आणि चिन्हं दिसत. मात्र त्या चिन्हांमागे अख्खं जग चालू असे: नद्या, खडकांचे थर, राजवंश, युद्धं, प्रत्येक बुटक्याच्या आवडीनिवडी आणि त्याच्या मनावरचे घाव. पुढे कोड सात लाख ओळींच्या वर गेला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने हा गेम आपल्या संग्रहात घेतला.

फुकट गेमवर दोघे भाऊ जगत कसे होते? खेळाडू राजीखुशीने पैसे पाठवत, म्हणून. पैसे पाठवणाऱ्याला त्या बदल्यात हवं तर रंगीत खडूंनी काढलेलं एक चित्र किंवा एक छोटी गोष्ट मिळे. चित्रं साधीच, लहान मुलं काढतात तशी. पण ती त्या माणसासाठी काढलेली असत. मोठ्या कंपनीचा गेम विकत घेतला की आपल्याला पावती मिळते. इथे बनवणारा बसून खडू हातात घेत होता.

मोठ्या कंपनीत खेळाडू आणि कोड लिहिणारा यांच्यामध्ये बरीच माणसं असतात. कुणी तक्रारी वाचतो, कुणी त्यांची प्रतवारी करतो, कुणी गोड भाषेत उत्तर देतो, कुणी आठवड्याच्या बैठकीत त्यातल्या पाच मांडतो. प्रोग्रामरच्या टेबलावर येईपर्यंत त्यातला राग गळून गेलेला असतो, आणि प्रेमसुद्धा. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत ही गाळणीच नसते. ‘तुझ्या गेममुळे माझं आजारपण सुसह्य झालं’ आणि ‘तुला काही येत नाही, बंद कर हे’, ही दोन पत्रं सकाळच्या पहिल्या चहाबरोबर एकाच माणसाला वाचावी लागतात. आणि वाचून झाल्यावर त्याच डोक्याने कामाला बसायचं असतं.

यातल्या पुष्कळ पत्रांत बगची माहिती असते. बग कळवणं हीसुद्धा एक कला आहे आणि चांगले खेळाडू ती शिकतात. ‘गेम बिघडला’ या वाक्याचा काहीच उपयोग नसतो. मी काय करत होतो, त्याच्या आधी काय केलं होतं, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तसंच होतं का, एवढं लिहिलं तर माग लागतो. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये प्रत्येकाचं जग वेगळं तयार होतं, म्हणून तिथे सेव्ह फाइलही जोडावी लागते, म्हणजे तुमचं अख्खं जगच डबीत घालून पाठवायचं. वैद्याला नाडी दाखवावी तसं.

बगपेक्षा अवघड असतात त्या मागण्या. तिथे खेळाडू सांगतो की हे बदल, ते घाल, हे काढून टाक. माझं मत असं की दुखतंय कुठे हे खेळाडू जवळजवळ नेहमी खरं सांगतो, पण औषध कोणतं द्यायचं ते त्याने सुचवलेलं असेलच असं नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’च्या सुरुवातीच्या काळात नदीतले कार्प मासे भयंकर झाले होते. पाण्याजवळ गेलेल्या बुटक्याला ते ठार करत. जो प्राणी एखादं कौशल्य वापरतो त्याची ताकद वाढते असा त्या जगाचा नियम होता, आणि मासा तर जन्मभर पोहतच असतो. म्हणजे नदीतला प्रत्येक मासा अष्टौप्रहर तालीम करणारा पैलवान झाला. खेळाडू मरत होते, ओरडत होते, आणि त्याच वेळी त्या मरणाच्या कथा रंगवून एकमेकांना सांगत होते. मासे जरा जास्तच दणकट झाले हे टार्नने मान्य केलं, पुढे त्यांना आवरलंही. पण हरण्यातली गंमत काढून घ्यायला हवी, असा अर्थ त्याने त्या ओरड्याचा लावला नाही. या गेममध्ये जिंकणं नावाची गोष्टच नाही. प्रत्येक किल्ला कधीतरी पडतो, आणि तो कसा पडला हेच खेळाडू सांगत बसतात. त्यांची ओरड शब्दशः मानून त्याने गेम सोपा केला असता, तर ओरडणाऱ्यांनाच तो नकोसा झाला असता.

एक तक्रार मात्र वर्षानुवर्षं तशीच राहिली. किल्ला मोठा झाला की गेम मंदावत जाई. दोनशे बुटके, त्यांची जनावरं, पाहुणे, प्रत्येकाला वाट शोधायची आहे, प्रत्येकाला कोण दिसतं आणि कोण नाही याचा हिशेब क्षणाक्षणाला करायचा आहे. हा सगळा भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडे. खेळाडूंनी या मरणालाही नाव दिलं होतं: ‘एफपीएस डेथ’. शत्रूने न पाडलेले किल्ले त्याने संपत. ही तक्रार टार्नला ठाऊक होती. पण दिवसाचे तास तेवढेच होते आणि लिहायचं जग अजून बरंच बाकी होतं. या तक्रारीकडे शेवटी परत यायचं आहे.

टार्नचा किल्ला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. टार्न राहतो त्याच, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आणखी एका माणसाने नेमकं उलट केलं. एरिक बॅरोन २०११ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याला नोकरी मिळेना. हात बसावा म्हणून त्याने एक छोटा गेम करायला घेतला. लहानपणापासून त्याला ‘हार्वेस्ट मून’ ही जपानी शेतीच्या गेमची मालिका आवडायची. पण मालिकेचे नंतरचे गेम त्याला पहिल्यांसारखे वाटेनात, आणि कॉम्प्युटरवर तसं मनासारखं काही सापडेना. म्हणजे त्याची सुरुवातच एका नाराज खेळाडूची होती. बाकीचे पत्र लिहितात, त्याने गेम लिहिला.

काही महिन्यांचं म्हणून घेतलेलं काम साडेचार वर्षं चाललं. कोड, चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्याचं. अर्धवेळ तो सिएटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करी. बाकीचा खर्च त्याची जोडीदार उचलत होती. २०१२ मध्ये त्याने ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ‘ग्रीनलाइट’ योजनेत गेम मांडला. तिथे खेळाडू मतं देऊन कोणता गेम दुकानात यावा ते ठरवत. मतं मिळाली, लोक वाट पाहू लागले. तेव्हा अर्धामुर्धा गेम विकायला काढायचा आणि विकत घेणाऱ्यांच्या सूचनांवर तो पुरा करायचा ही रीत रुळत होती. ‘माइनक्राफ्ट’ तसाच वाढला होता. बॅरोनने तसं करायला नकार दिला. पुरा झाल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. पात्रांचे चेहरे तो काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा.

या हट्टाची किंमत मोठी असते. चार वर्षं तुमची चूक कुणी दाखवत नाही, तसं तुमचं काही चांगलं झालंय असंही कुणी सांगत नाही. शेवटी शेवटी आपण केलेलं बरं आहे की वाईट, हेच माणसाला कळेनासं होतं. नाटकवाल्यांना रंगीत तालीम तरी असते, आणि पहिल्या प्रयोगाला अंधारात बसलेला प्रेक्षक हसला की नाही हे नटाला तिथल्या तिथे ऐकू येतं. बॅरोनची तालीम बंद खोलीत झाली होती.

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘स्टारड्यू व्हॅली’ बाहेर आला. दोन महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या. आजोबांनी पत्रासोबत मागे ठेवलेली पडीक जमीन, तिथे जाऊन नांगरट करायची, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या, हवं तर त्यांतल्या कुणाशी लग्न करायचं. कावळे येतात, वीज पडून चार रोपं जातात, पण पावसाने पाठ फिरवली म्हणून वर्ष बुडालं असं तिथे कधी होत नाही, आणि डोक्यावर सावकार नसतो. शेतीची ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या नशिबी नाही, हे खेळताना माझ्या मनातून जात नाही. तरीही कामाने आणि माणसांनी भरलेला दिवस असावा ही तिच्यातली ओढ मला खरी वाटते, आणि लोकांनी तिच्यावर इतकं प्रेम का केलं ते समजतं.

बाहेर आल्यावर बॅरोन थांबला नाही. दहा लाख लोक अशा अशा गोष्टी करून पाहतात ज्या एका माणसाला दहा वर्षांत सुचणार नाहीत. पहिले आठवडे बग दुरुस्त करण्यात गेले. मग मागण्या आल्या. गावात शेन नावाचा एक तुसडा माणूस आहे, पहिल्या भेटीत तो तुम्हाला नीट उत्तरही देत नाही, संध्याकाळी पीत बसतो. लग्नासाठी असलेल्या पात्रांत तो नव्हता. खेळाडूंचा जीव नेमका त्याच्यावर जडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या १.१ या आवृत्तीत शेन आणि गावातलीच एमिली यांच्याशीही लग्न करता येऊ लागलं. पण बॅरोनने नुसती लग्नाची सोय केली नाही. शेनच्या दारूचं, त्याच्या खचलेपणाचं कथानक त्याने वाढवलं. खेळाडूंनी पात्र मागितलं होतं, त्याने त्यांना त्या पात्राचं दुःखही दिलं. मागणी ऐकावी तर अशी, असं मला वाटतं.

सगळ्यात मोठी मागणी होती एकत्र खेळण्याची. ती तो आधीपासून कबूल करून बसला होता, आणि एकट्याच्या शेतीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये चौघांना एकाच रानात उतरवणं म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणं. या कामात प्रकाशकाकडच्या प्रोग्रामरची मदत झाली, तरी ते यायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला. त्यानंतर १.४, १.५, आणि २०२४ च्या मार्चमध्ये १.६. यांतली प्रत्येक आवृत्ती आधीच्या खरेदीदारांना फुकट मिळाली. २०२४ मध्येच त्याने जाहीरपणे शपथ घेतली की जिवंत असेपर्यंत या गेमच्या नव्या भागासाठी पैसे घेणार नाही, आणि त्यासाठी घराण्याच्या नावाची आण घेतली. त्या वर्षअखेर खप ४ कोटी १० लाखांवर गेला होता.

आकडा बाजूला ठेवू. मला त्या शपथेत एक ओझंही दिसतं. २०२१ मध्ये त्याने ‘हाँटेड चॉकलेटियर’ या नव्या गेमची घोषणा केली होती. मग जुन्या गेमसाठी १.६ करायला घेतला आणि तो वाढतच गेला. नव्याचं काम मागे पडलं. २०२५ मध्ये १.७ ची घोषणा झाली. चार कोटी लोक प्रेमाने तुमचा हात धरून ठेवतात तेव्हा तो सोडवून दुसरं काम करणं फार अवघड असतं. खेळाडूंनी नवा गेमही मागावा आणि जुन्यातली नवी भरही मागावी, यात त्यांचं काही चुकत नाही. पण हात दोनच असतात.

प्रेमाची ही तऱ्हा झाली. रोखठोक तऱ्हा दुकानात दिसते. ‘स्टीम’वर गेम घेतलेला माणूस अंगठा वर किंवा खाली करतो, सोबत चार ओळी लिहितो, आणि तो किती तास खेळला हे बाजूला छापलेलं असतं. पाचशे तास खेळून अंगठा खाली करणारी माणसं तिथे भेटतात. हे पाहून नवखा डेव्हलपर खचतो. मला वाटतं, त्याने तो तासांचा आकडा आधी वाचावा. पाचशे तास दिलेला माणूस भांडतो तो घरच्या हक्काने भांडतो. खरी बोच दुसरीकडे असते. जून २०१५ पासून तिथे नियम आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर, पैसे परत मिळतात. दीड तासाचा सुंदर छोटा गेम बनवणाऱ्याचा गेम लोक पुरा खेळून परत करू शकतात. आणि जो वीस मिनिटांत उठून गेला तो का गेला, हे तर कुणीच लिहून ठेवत नाही. नाटक सोडून मध्येच निघालेला प्रेक्षक निदान खुर्चीचा आवाज करतो.

म्हणून काही डेव्हलपर खेळाडूंचं ऐकण्याऐवजी त्यांना खेळताना बघतात. आता लोक आपलं खेळणं थेट प्रसारित करतात, त्यामुळे हे घरबसल्या जमतं. माणूस कुठे थबकला, कुठल्या दारावर तीनदा धडकला, कुठे न वाचता पुढे गेला. तोंडाने तो म्हणत असतो, मस्त आहे. हात वेगळंच सांगत असतात.

आणि काहींना हे सगळंच सोसत नाही. हनोईच्या डाँग न्यूयेनने २०१३ मध्ये ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा साधा गेम केला. २०१४ च्या जानेवारीत तो जगभर पसरला आणि जाहिरातींतून रोज सुमारे ५० हजार डॉलर मिळू लागल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारीत त्याने जाहीर केलं की बावीस तासांत गेम काढून घेतो, आणि घेतला. लोक त्याच्या गेमच्या आहारी गेले होते आणि त्याला ते सोसेना, हे त्याने मुलाखतीत सांगितलं. घटकाभर विरंगुळा म्हणून केलेली गोष्ट लोकांच्या झोपेवर आली होती. पुष्कळांनी त्याला वेडा ठरवलं. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. लोकांच्या पत्रांमागचं माणूसपण त्याला दिसलं आणि एवढ्या पैशावर त्याने पाणी सोडलं. त्याच्याकडे सांभाळून घ्यायला मधली माणसं नव्हती, तशी ‘राहू दे, चालू ठेव’ म्हणणारीही नव्हती.

पुन्हा किल्ल्याकडे. मधल्या काळात झॅकला त्वचेचा कर्करोग झाला. त्यातून तो बाहेर आला, पण अमेरिकेतला उपचारांचा खर्च पाहून दोघा भावांना कळून चुकलं की लोकांच्या देणगीवर आयुष्य निभावणार नाही. २०१९ मध्ये त्यांनी ठरवलं की चित्रं, आवाज, माऊस असलेली आवृत्ती ‘स्टीम’वर विकायची. माँट्रियलच्या किटफॉक्स गेम्सने प्रकाशनाची बाजू घेतली. चित्रं ही खेळाडूंची तर जुनीच मागणी. खरं तर ते नुसते मागत बसले नव्हते. अक्षरांच्या जागी चित्रं बसवणारे संच त्यांनी कधीच स्वतः काढून एकमेकांना फुकट वाटले होते. नव्या आवृत्तीला चित्रकार हवे होते, तेव्हा त्याच मंडळींतल्या दोघांना काम मिळालं. ६ डिसेंबर २०२२ ला ती आवृत्ती आली. पुढच्याच महिन्यात भावांच्या हिशेबात ७० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली. अक्षरांची जुनी आवृत्ती त्यांनी फुकटच ठेवली.

आणि ती जुनी तक्रार, मंदावत मरणाऱ्या किल्ल्यांची. खेळाडूंमधल्या एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतःचे फेरफार करणाऱ्याने, बाहेरून, कोड हाती नसताना, चालू गेमच्या मेमरीत डोकावून डोकावून त्याचं पोट जाणून घेतलं होतं. वीस वर्षं जो कोड जवळजवळ एकट्या टार्नने सांभाळला होता, त्यात काम करायला भावांनी या मॉडरला बोलावलं. २०२३ मध्ये कुणाला कोण दिसतं याचा हिशेब प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर वाटून टाकण्याचं काम झालं. मोठे किल्ले पूर्वीपेक्षा झपाट्याने चालू लागले. तक्रार करणाऱ्यांतलंच एक माणूस टार्नच्या बरोबरीने इतरांच्या तक्रारी वाचू लागलं.